पुलाखालून ब्यूट स्ट्रीटला

[दृश्य : वेल्सची राजधानी कार्डिफ. शहराच्या मध्यवस्तीतून निघालेली बस. रेल्वेच्या पुलाखाली क्षणभर अंधार, मग उजेड.]

या पुलाखालून बाहेर पडलं की ब्यूट स्ट्रीट लागतो. समुद्राकडे जाणारा सरळसोट रस्ता. डाव्या हाताला रेल्वेची लांबच लांब भिंत. उजवीकडे, घरांच्या पाठीमागे, पूर्वी कालवा होता. तो आता बुजवलाय. भिंत आणि कालवा यांच्या मधली ही चिंचोळी वस्ती म्हणजे ब्यूटटाउन. जगाला ती टायगर बे या नावानं जास्त ठाऊक आहे.

इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात हा पूल सारखा येतो. शहरात जायचं म्हणजे ‘पुलापलीकडे’ जायचं. पायी दहा-पंधरा मिनिटांची वाट. पण कित्येक कार्डिफकरांना लहानपणी घरून ताकीद असायची, पुलाखाली पाऊल टाकायचं नाही.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. गोदी, कोळशाच्या वाघिणी, डोलकाठ्यांची गर्दी.]

ऑक्टोबर 1839. ब्यूटच्या दुसऱ्या मार्क्विसनं, म्हणजे इथल्या बड्या जमीनदार सरदारानं, स्वतःच्या पैशानं बांधलेली पहिली गोदी इथं सुरू झाली. मागच्या डोंगरदऱ्यांतला कोळसा इथून जगभर जायचा. आगबोटींना तो फार मानवायचा, कारण उष्णता भरपूर आणि धूर कमी. 1913 साली या गोद्यांमधून 1 कोटी टनांहून जास्त कोळसा बाहेर पडला.

याच 1839 च्या जानेवारीत मुंबईहून निघालेल्या फौजेनं एडन घेतलं. पुढं 1932 पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. एडन म्हणजे आगबोटींचं कोळसा भरायचं ठिकाण. वेल्सचा कोळसा तिथवर पोचायचा, आणि तिथले येमेनी नि सोमाली तरुण बोटींवर आगवाले म्हणून चढायचे. आपल्या कोकणातल्या बोटीवरच्या माणसांना हे काम वेगळं सांगायला नको. बोटीच्या पोटात, भट्टीच्या तोंडाशी, फावड्यानं कोळसा ओढत राहायचं. अंगावर घाम, घामावर काजळी.

कार्डिफला बोट लागली की हिशोब चुकता व्हायचा. पुढची बोट मिळेपर्यंत खलाशांच्या खानावळीत मुक्काम. काही जण तिथंच रमले. येमेनी, सोमाली, वेस्ट इंडीजचे, पश्चिम आफ्रिकेचे, माल्टाचे, ग्रीक, नॉर्वेजियन, आणि लस्कर म्हणून ओळखले जाणारे हिंदुस्थानी खलाशीही. पन्नासहून जास्त देशांची माणसं या एका वस्तीत राहत होती, असं इथं अभिमानानं सांगतात. त्यांनी वेल्श मुलींशी लग्नं केली. त्या मुलींपैकी अनेकींना माहेर तुटलं. नवरा महिनोन्‌महिने समुद्रावर, पोरं पदरात. मग शेजारीण हीच बहीण आणि तीच आई. टायगर बेची गोष्ट सांगताना बोटींवरचे पुरुष सगळ्यांना आठवतात. मला वाटतं, वस्ती टिकवली ती या बायकांनी.

[दृश्य : सेंट मेरी चर्चचे दोन मनोरे. कॅमेरा शेजारच्या ग्रीक चर्चवर, मग ॲलिस स्ट्रीटच्या मशिदीच्या घुमटावर.]

सेंट मेरी चर्च 1843 चं. त्याला लागूनच ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च, 1906 चं. तिथून चार पावलांवर ॲलिस स्ट्रीटची मशीद. इथली आधीची मशीद पील स्ट्रीटवर होती. 1941 मध्ये जर्मन बॉम्बनं ती उद्ध्वस्त झाली. युद्ध संपायच्या आतच लोकांनी ती पुन्हा उभी करायला घेतली.

पण शहरानं या माणसांना सुखानं राहू दिलं नाही. जून 1919 मध्ये जमाव चालून आला, दंगलीत तिघांचा जीव गेला. 1925 मध्ये सरकारनं गोरे नसलेल्या परदेशी खलाशांना पोलिसांत नोंदणीची सक्ती केली. ब्रिटिश प्रजाजन असूनही कागद हाताशी नाही म्हणून कित्येक जण परके ठरले.

[दृश्य : कार्डिफ तुरुंगाचा दरवाजा. स्थिर चित्र.]

आणि महमूद मत्तान. सोमाली खलाशी, तीन मुलांचा बाप. 1952 मध्ये ब्यूट स्ट्रीटवरच्या दुकानदार लिली व्होलपर्ट यांचा खून झाला, आणि तो महमूद यांच्यावर शाबीत करण्यात आला. 3 सप्टेंबर 1952 ला याच तुरुंगात त्यांना फाशी दिली. त्यांची बायको लॉरा त्यांना भेटायला आली, तेव्हा फाशी झाल्याचा कागद दाराला लावलेला होता. तोवर तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

लॉरा 46 वर्षं झगडत राहिली. 1998 मध्ये न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. महमूद यांच्या थडग्याच्या दगडावर लिहिलंय : अन्यायानं मारलेला.

[दृश्य : लाउडन स्क्वेअर. दोन उंच टॉवर, खाली दुकानं, फुटबॉल खेळणारी पोरं.]

1960 च्या दशकात झोपडपट्टी निर्मूलनाच्या नावाखाली लाउडन स्क्वेअरची जुनी घरं पाडली. जिने, अंगणं, कोपऱ्यावरची दुकानं, सगळं गेलं. त्या जागी हे टॉवर आले. काही कुटुंबं इथंच राहिली, बरीच पांगली. मग खाडीचा कायापालट. 1999 मध्ये बंधारा पूर्ण झाला आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल सुमारे 200 हेक्टरांच्या गोड्या पाण्याखाली गेला. काठावर नाट्यगृह, हॉटेलं, वेल्सची संसद. हे सगळं लाउडन स्क्वेअरपासून हाकेच्या अंतरावर. पण ती झळाळी या दुकानांपर्यंत पोचलेली दिसत नाही, आणि हे मला खटकतं.

तरी ऑगस्टअखेर इथला कार्निव्हल भरतो. मधे बंद पडलेला, 2014 मध्ये लोकांनी पुन्हा सुरू केला. त्या दिवशी पांगलेली घरं परत येतात.

[दृश्य : माउंट स्टुअर्ट प्राथमिक शाळा. फाटकातून आत जाणारी मुलं.]

बेटी कॅम्पबेल याच वस्तीत वाढल्या. वडील जमैकाहून आलेले खलाशी. 1942 मध्ये त्यांची बोट बुडवली गेली आणि ते परतले नाहीत. बेटी हुशार, शिष्यवृत्ती मिळवून पुलापलीकडच्या शाळेत गेलेली. मला शिक्षिका व्हायचंय, असं म्हणाल्यावर बाईंनी सांगितलं, तुझ्यासारख्या कामगाराच्या काळ्या मुलीला ते जमायचं नाही. बेटी बाकावर बसून रडल्या. 1960 मध्ये कार्डिफच्या अध्यापक महाविद्यालयाची दारं बायकांना उघडली, तेव्हा पहिल्या सहा जणींत त्या होत्या. तेव्हा त्यांच्या पदरात तीन मुलं होती.

पुढं त्या वस्तीतल्या या माउंट स्टुअर्ट शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. वेल्समधल्या पहिल्या कृष्णवर्णीय मुख्याध्यापिका. आपल्या बापजाद्यांचा इतिहास, गुलामगिरी, वर्णभेद, हे त्यांनी या वर्गांतून मुलांना शिकवलं.

[दृश्य : बस पुलाखालून परत शहरात. सेंट्रल स्क्वेअर.]

29 सप्टेंबर 2021 ला त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. तो पुलाच्या या बाजूला, रेल्वे स्टेशनसमोर आहे. वर बेटींचा मोठा कांस्य चेहरा, आणि खाली, त्यांच्याच अंगाखांद्यावर असावीत तशी, ब्यूटटाउनची मुलं.

[दृश्य : कांस्यातल्या एका मुलाचा चेहरा, अगदी जवळून. मागं गाडीची घोषणा ऐकू येते.]