सुटतं तेव्हा टाळ्या, पडतं तेव्हा बातमी

तर मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'कृत्रिम उपग्रह: इतिहास आणि उपयोग', त्यातला बराच वेळ शाल-श्रीफळात गेला, तक्रार नाही, शाल चांगली आहे.

आधी पाडव्याचं सांगतो, २०२२ चा, २ एप्रिल. संध्याकाळी आख्ख्या विदर्भानं पाहिलं, नागपुरात तर लोक धावत गच्चीवर गेले, जळते तुकडे एकामागोमाग, आणि आरामात चाललेले, उल्का कशी चटकन विझते तसं नाही. माझा फोन थांबेना. कोणी म्हणे मिसाईल, कोणी म्हणे विमान पडलं, एका वहिनींनी विचारलं, "भाऊजी, वर कुरडया वाळत घातल्यात, आत घेऊ काय?" हसू नका! तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत खरंच धातूची रिंग येऊन पडली, जवळपास तीन मीटर व्यासाची, आसपास गोळेही सापडले. अभ्यासकांचा अंदाज, चिनी रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष. रॉकेटचे! पण दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर पाहा, जो तो 'सॅटेलाईट पडलं', मी सांगून सांगून थकलो बाप्पा.

माझं रडगाणं हेच आहे. सुटताना टाळ्या, पडताना बातमी, आणि मधली वर्षं उपग्रह वर काय करतो ते कोणी विचारत नाही. अन् खरे उपयोग तर तिथंच सापडलेत, तेही कित्येकदा कोणी न ठरवता.

स्पुटनिक घ्या, सोव्हिएतांचा, जगातला पहिला कृत्रिम उपग्रह. ४ ऑक्टोबर १९५७, ८३.६ किलोचा गोळा, रेडिओवर नुसतं बीप-बीप. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत गायर आणि वाइफेनबाख हे दोघं ते ऐकत बसले. गोळा जवळ येताना फ्रिक्वेन्सी चढते, लांब जाताना उतरते, तेवढ्यावरून त्यांनी त्याची कक्षा काढली. मग त्यांचे साहेब मॅक्क्लुअर म्हणाले, आता उलटं करा, उपग्रह कुठं आहे ते माहीत असेल तर आपण कुठं आहोत ते निघेल काय? नौदलाला पाणबुड्यांसाठी तेच पाहिजे होतं. त्यातून ट्रान्झिट आलं, म्हणजे उपग्रहांवरून आपली जागा काढायची नौदलाची यंत्रणा, नंतर जीपीएस, आणि आता डिलिव्हरीवाला पोरगा धरमपेठेत मागच्या गल्लीत उभा राहून "काका, लोकेशनवरच आहे" म्हणतो.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, हो सर, आटोपतोच.

आपला आर्यभट १९ एप्रिल १९७५ चा, सोव्हिएत रॉकेटवरून गेला, थोड्याच दिवसांत वीजपुरवठा बिघडून प्रयोग बंद पडले, पण उपग्रह बांधायचा कसा ते पोरं शिकली. १९८१ चा ॲपल, आपला दळणवळणाचा उपग्रह, त्याचा तो बैलगाडीवरचा फोटो, गरिबी म्हणून फॉरवर्ड करू नका हो, अँटेनाच्या चाचणीत आजूबाजूला धातू नको होता म्हणून लाकडी गाडी आणली. मग १९८८ ला आयआरएस-१ए, वरून जमिनीची चित्रं घेणारा उपग्रह. हिरवंगार पान इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाश, भरपूर परत फेकतं, वाळलेलं कमी, त्यावरून पिकाची तब्येत वरून कळते, असे नकाशे बनवणारं राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र इथं नागपुरात व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात आहे, रोज समोरून जाता तुम्ही. हवामानाचं अन् इन्सॅट या आपल्या उपग्रहमालिकेचं राहिलंच, ते पुढच्या वेळी, बोलावलंत तर.