ब्लूजच्या मुळांमागे निघालेला ताज महाल

[दृश्य: गिटारच्या तारांवर फिरणारा अंगठा आणि तर्जनी]

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १७ मे १९४२ रोजी जन्मलेल्या या मुलाचं नाव हेन्री सेंट क्लेअर फ्रेडरिक्स. पुढे त्याला गांधीजींची, भारताची स्वप्नं पडू लागली आणि ऐन तरुणपणी त्यानं स्वतःला नवं नाव दिलं: ताज महाल. याच नावानं तो ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताचा, गायक-वादक झाला.

बालपण गेलं मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला. वडील कॅरिबियन वंशाचे, जॅझचे पियानोवादक. आई साउथ कॅरोलिनाची, पेशानं शिक्षिका, गळ्यात गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं. घरातल्या शॉर्टवेव्ह रेडिओवर कुठकुठल्या देशांचं संगीत लागायचं. मुलगा शाळकरी वयाचा असतानाच वडील अपघातात गेले. सावत्र वडिलांची गिटार त्याच्या हाती आली, आणि ती वाजवायची कशी हे दाखवलं दक्षिणेतून स्थलांतर करून आलेल्या शेजाऱ्यांनी.

[दृश्य: न्यू इंग्लंडमधली गोठ्यातली पहाट]

गिटारइतकीच ओढ शेतीची. पामर गावच्या डेअरीत तो पहाटे चारला उठून धारा काढायचा. एकोणिसाव्या वर्षी तो तिथला मुकादम होता. पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात पशुसंवर्धन शिकला. त्यांच्या चरित्रात ही माहिती बहुधा एका ओळीत उरकली जाते. आम्हाला मात्र ती फार मोलाची वाटते. कारण गाण्याकडेही ताज महाल शेतकऱ्यासारखेच पाहत आले: हे बियाणं कुठल्या मातीतलं?

१९६४ मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले. तिथे सतरा वर्षांचा गिटारवादक राय कूडर भेटला. दोघांनी ‘रायझिंग सन्स’ हा बँड उभा केला. कृष्णवर्णीय आणि गोरे वादक एकाच मंचावर, हे त्या काळी विरळाच. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, पण अल्बम पडून राहिला. तो बाहेर यायला १९९२ उजाडलं.

१९६८ मध्ये त्यांचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला. त्यातलं एक गाणं जुने ब्लूज गायक ब्लाइंड विली मॅकटेल यांचं, चाळीस वर्षांपूर्वीचं. त्यावर ओक्लाहोमाचे मूलनिवासी गिटारवादक जेसी एड डेव्हिस यांनी अशी काही स्लाइड (तारांवर नळी सरकवत वाजवायची गिटार) वाजवली, की ती ऐकून डुएन ऑलमन या तरुणानं स्लाइड गिटार हाती घेतली. अमेरिकन रॉकमधला एक मोठा प्रवाह तिथून सुरू झाला.

१९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टच्या मंचावर ते चक्क चार ट्युबा, म्हणजे भल्यामोठ्या पितळी तुताऱ्यांसारखी वाद्यं, घेऊन उभे राहिले. ब्लूज म्हणजे एकटा माणूस, गिटार आणि दुःख, ही समजूत त्या दणदणीत पितळी आवाजानं मोडीत काढली. वर्षभरात ‘साउंडर’ चित्रपटाला संगीत दिलं, त्यात अभिनयही केला. मग कॅरिबियन बेटांवरचं रेगे, कॅलिप्सो संगीत. १९८१ मध्ये मुक्काम थेट हवाई बेटांवर, आणि तिथल्या वादकांना घेऊन ‘हुला ब्लूज बँड’.

[दृश्य: मोहनवीणा, चित्रवीणा आणि गिटार, शेजारी शेजारी]

१९९५ चा ‘मुमताज महल’ हा अल्बम आपल्या कानांना सगळ्यात जवळचा. जयपूरचे पंडित विश्वमोहन भट्ट मोहनवीणेवर, एन. रविकिरण चित्रवीणेवर आणि ताज महाल यांचा खरखरीत, भरदार आवाज. भट्टांची मोहनवीणा हे मुळात गिटारचंच रूप. हवाईची आडवी गिटार विसाव्या शतकात भारतातही आली आणि इथल्या वादकांनी तिच्यातून राग काढले. चित्रवीणेला पडदेच नाहीत. दोन्ही वाद्यांत सूर तुटत नाही, घसरत जातो. आपल्याकडे जी मींड, तिची ओढ ब्लूजच्या गळ्यातही आहे. हा अल्बम ऐकताना कोण कुणाला साथ करतंय, हे काही ठिकाणी कळेनासंच होतं.

चार वर्षांनी ‘कुलांजन’. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचे तुमानी दियाबाते यांची एकवीस तारांची कोरा आणि ताज महाल यांची दोन बोटांनी छेडलेली गिटार. गुलामगिरीच्या जहाजांनी तोडलेलं नातं इथे वाद्यांतून पुन्हा जुळलं. त्यांच्या साऱ्या कामात आम्ही या अल्बमला सगळ्यात वर ठेवू.

ग्रॅमी पुरस्कार वेळोवेळी येत राहिले, २०२५ मध्ये जीवनगौरवही.

त्याआधी, २०२२ मध्ये, ताज महाल आणि राय कूडर यांचा पुन्हा एकत्र केलेला अल्बम आला. एक ऐंशीचा, दुसरा पंचाहत्तरीचा. ड्रमवर कूडरांचा मुलगा जोआकिम. तरुणपणी ज्यांना ऐकून दोघं शिकले, त्या सनी टेरी आणि ब्राउनी मॅगी यांची गाणी त्यांनी रेकॉर्ड केली. पारंपरिक ब्लूजसाठीचा ग्रॅमी २०२३ मध्ये याच अल्बमला मिळाला.