एर म्हणजे पाणी

सकाळचे साडेपाच, गणेशपेठ बसस्टँड. गडचिरोलीची गाडी लागलीय अन् एक ताई गादीची वळकटी सीटखाली कोंबून राहिली. "पोचली की फोन कर," आई खिडकीतून सांगते. "रेंज मिळाली तर करते नं, आई."

ताई नागपूरचीच, नंदनवनची. शिक्षिका व्हायला डीएड केलं, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा काढली, मग भरतीसाठीची ती दोनशे मार्कांची अभियोग्यता चाचणी. ही चाचणी २०१७ ला झाली ती थेट २०२३ मध्येच परत झाली, मधल्या काळात वाट पाहणाऱ्यांपैकी कोणी दुकान टाकलं, कोणाचं लग्न झालं, कोणाचं वयच निघून गेलं. हिचं नाव पवित्र पोर्टलच्या, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी वेबसाइटच्या, यादीत आलं, जिल्हा परिषद गडचिरोली. घरी पेढे वाटले, अन् मग मॅप उघडला.

पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, महिन्याला १६,००० रुपये मानधन. २०२३ च्या आधी प्राथमिकला ६,००० होते, तेवढ्यात रूमभाडं अन् पेट्रोल कसं भागवत असतील ते त्यांनाच ठाऊक.

शाळा भामरागडकडे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचं गावच तुटतं. साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक, असा आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा, हिशोब, म्हणजे चार वर्गांना दोघं, अन् सर मीटिंगला गेले की चारही वर्ग हिच्याच गळ्यात. डीएडला पाठटाचण काढायचे तेव्हा एक वर्ग, एक पाठ, रंगीत चार्ट, मागं बसलेल्या मॅडम. इथं पहिलीवाले दाराशी खडूनं गिरवतात, तिसरीची वजाबाकी अडलेली, चौथीतला एक जण लहान भावाला कडेवर घेऊन बसलाय.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. पहिल्या आठवड्यात ताईनं लोट्यातलं पाणी दाखवून विचारलं, हे काय आहे? एकही पोरगं बोललं नाही. पोरं मठ्ठ नव्हती, त्यांच्या घरी माडिया ही तिथली आदिवासी भाषा बोलतात. शेवटी मागून एक बारीक आवाज आला, "एर."

आता ताईकडे शंभर पानी वही आहे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला माडिया, सगळी पोरांनीच भरवलेली. ट्रेनिंग झालं नाही असं नाही, झालं, त्यात फॉर्म अन् ॲप बरेच होते. महिनाभर माडिया शिकवून मग ऑर्डर हातात दिली असती तर काय बिघडलं असतं?

मधली सुट्टी. वही घेऊन ताई पायरीवर बसते, एक शब्द वाचते. समोरची पोरगी मान हलवते. नाही. परत म्हण.