मागच्या सीटवरची मुलगी

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेत नॅशव्हिल शहरात ब्लूबर्ड कॅफे नावाची एक लहानशी जागा आहे. शंभरेक माणसं दाटीवाटीनं मावतील, बस्स. गाणारा आणि ऐकणारा यांच्यात हातभराचं अंतर. तिथं स्वतःची गाणी लिहिणारी गायिका ल्युसिंडा विल्यम्स एकदा आपलं नवं गाणं गायली. ऐकणाऱ्यांत तिचे वडील होते. गाणं झाल्यावर ते तिच्याजवळ आले आणि त्यांनी तिची माफी मागितली. तिला काही उमजेना. गाण्यात एक स्वयंपाकघर आहे, कॉफीचा वास आहे, रेडिओवर कुणीतरी गातंय. मग बोचकी बांधली जातात, गाडी निघते, आणि मागच्या सीटवर चार-पाच वर्षांचं एक मूल खिडकीबाहेर बघत बसलंय. गालावर धूळ आणि अश्रू एकत्र झालेले. ते मूल म्हणजे आपणच, हे लिहिणारीच्या लक्षात आलं नव्हतं. बापाच्या आलं.

त्या गाण्याचं नाव 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड', म्हणजे खडीच्या रस्त्यावरची चाकं. डांबर पडायच्या आधीचे आपल्याकडचे रस्ते ज्यांना आठवतात, त्यांना तो करकर आवाज वेगळा सांगायला नको. घरात बसलेल्या मुलाला त्या आवाजावरून दोनच गोष्टी कळतात: कुणी आलं, नाहीतर कुणी चाललं.

ल्युसिंडाच्या घरात चालणंच जास्त होतं. तिचा जन्म २६ जानेवारी १९५३ चा, लुइझियानातल्या लेक चार्ल्स गावचा. तारीख आपल्याला लक्षात ठेवायला सोपी. वडील मिलर विल्यम्स आधी जीवशास्त्र शिकवायचे, पण जीव कवितेत. पुढे ते कवितेचेच प्राध्यापक झाले, आणि १९९७ मध्ये बिल क्लिंटन यांच्या दुसऱ्या शपथविधीला त्यांनी आपली कविता वाचली. पण ते फार नंतर. आधीची वर्षं जिथं नोकरी मिळेल तिथं बिऱ्हाड हलवण्यात गेली. लुइझियाना, मिसिसिपी, जॉर्जिया, आर्कान्सा, मध्येच चिली आणि मेक्सिकोसुद्धा. आई ल्युसिल पियानो वाजवायची, पण मनाच्या आजारानं तिला कधीच धड उभं राहू दिलं नाही. आईवडील वेगळे झाले आणि मुलं वडिलांकडे राहिली.

मिलर एक आठवण सांगत. १९५२ च्या अखेरीस लेक चार्ल्समध्ये कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या संगीताचा राजा हँक विल्यम्स याचा कार्यक्रम झाला. तो संपल्यावर तरुण मिलर त्याच्यासोबत प्यायला बसले. आडनाव एकच, नातं काही नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १ जानेवारी १९५३ ला हँक गेला, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी. त्याच महिन्यात ल्युसिंडा जन्मली. माझा असल्या योगायोगांवर विश्वास नाही, पण हा सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

घरात लेखकांची ये-जा असायची. वडील तिला थोर कथालेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर यांच्या घरीही घेऊन गेले होते. मोठी माणसं आत बोलत बसली आणि ही अंगणातल्या मोरांच्या मागे धावत राहिली. ती बारा वर्षांची असताना वडिलांचा एक विद्यार्थी बॉब डिलनची नवीकोरी रेकॉर्ड घेऊन घरी आला. कविता आणि गाणं एकाच माणसाच्या तोंडून एकत्र येऊ शकतात, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. तेव्हापासून ती आपली गाणी वडिलांना दाखवू लागली. तेही प्राध्यापकच! एखादा शब्द फिका वाटला की खूण करायचे. मात्र एक गोष्ट त्यांनी कायम सांगितली: लिहिताना स्वतःच्या लिखाणावर पहारा बसवू नकोस.

१९७९ मध्ये फोकवेज या कंपनीनं तिची पहिली रेकॉर्ड काढली. त्यात जुनी ब्लूज आणि कंट्री गाणी. पुढच्या वर्षी दुसरी, स्वतःच्या गाण्यांची. नंतर आठ वर्षं काहीच नाही.

म्हणजे ती गप्प बसली होती असं नाही. पोटासाठी किरकोळ कामं करत, रात्री छोट्या बारमध्ये गात ती लॉस एंजेलिसला पोचली होती. एका बड्या कंपनीनं तिच्याकडून नमुन्याची गाणी रेकॉर्ड करून घेतली. लॉस एंजेलिसचं ऑफिस म्हणालं, हे रॉकच्या मानानं फार कंट्री आहे, कंट्रीच्या राजधानीला, नॅशव्हिलला पाठवा. नॅशव्हिलचं ऑफिस म्हणालं, हे कंट्रीच्या मानानं फार रॉक आहे. सरकारी कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरलेल्या कुणालाही ही कथा ओळखीची वाटेल. शेवटी तिला हात दिला तो रफ ट्रेड नावाच्या ब्रिटिश कंपनीनं, जी पंक संगीतासाठी प्रसिद्ध होती! १९८८ मध्ये तिच्याच नावाचा अल्बम निघाला. दोन टेबलांच्या मध्ये पडलेल्या अशा संगीताला पुढे नाव मिळालं, अल्टरनेटिव्ह कंट्री. १९९० मध्ये अंकल टुपेलो या बँडचा 'नो डिप्रेशन' आला, १९९५ मध्ये त्याच नावाचं नियतकालिक सुरू झालं आणि शिक्का पक्का बसला. तोवर ल्युसिंडाला तेच करत बरीच वर्षं झाली होती.

त्या १९८८ च्या अल्बममधलं एक गाणं, 'पॅशनेट किसेस', मला फार आवडतं. त्यात एक बाई आपल्या मागण्या मांडते. पाठ दुखणार नाही असं अंथरूण, पोटभर जेवण, ऊबदार कपडे, शाई न संपणारी पेनं, विचार करायला थोडी शांतता, आणि हो, प्रेमही. शाईची पेनं मागणारं प्रेमगीत मी दुसरं ऐकलेलं नाही. गायिका मेरी चॅपिन कार्पेंटरनं ते गायलं, गाजवलं, आणि १९९४ मध्ये सर्वोत्तम कंट्री गाण्याचं ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतलं संगीताचं मोठं बक्षीस, गीतकार म्हणून ल्युसिंडाला मिळालं. म्हणजे नॅशव्हिलनं परत पाठवलेल्या बाईला कंट्रीचंच बक्षीस.

आणि मग ती खडीची गाडी. हा अल्बम तिनं १९९५ च्या सुमारास ऑस्टिनमध्ये रेकॉर्ड करायला घेतला, जुना साथीदार गर्फ मॉर्लिक्स याच्यासोबत. बरंच काम झालं होतं. मधल्या काळात ती गायक स्टीव्ह अर्लच्या अल्बममध्ये एक गाणं गायली, आणि तिथला आपला आवाज ऐकल्यावर स्वतःचं काम तिला बेचव वाटू लागलं. तिनं सगळं पुन्हा रेकॉर्ड केलं, नॅशव्हिलला, अर्ल आणि रे केनेडी यांच्याबरोबर. मॉर्लिक्सशी असलेली वर्षानुवर्षांची साथ तुटली. शेवटचा हात फिरवायला कीबोर्डवादक रॉय बिटन आला. मधल्या मध्ये रेकॉर्ड कंपनी बदलली. आधीच्या अल्बमपासून सहा वर्षं गेली. वर्तमानपत्रांनी तिला हट्टी ठरवलं, डोक्यानं गेलेली ठरवलं. पुरुषानं सहा वर्षं घेतली असती तर 'साधना' म्हणाले असते, असं मला वाटतं. पण साथीदाराला तिच्या हट्टाची किंमत मोजावी लागली, हेही खरंच. ३० जून १९९८ ला अल्बम आला. 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकानं घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात तो वर्षातला सर्वोत्तम ठरला आणि त्याला लोकसंगीताचं ग्रॅमी मिळालं.

त्यात मेलेली माणसं बरीच आहेत. ऑस्टिनमध्ये १९८९ ला गोळी लागून गेलेला गायक ब्लेझ फोली, लेक चार्ल्सवर जीव लावणारा एक जुना मित्र. ल्युसिंडा त्यांच्यासाठी रडगाणं गात नाही. ती गावांची नावं घेते, त्यांच्या सवयी सांगते. आवाज थोडा खरखरीत, शब्द ओढून म्हटलेले, जणू ओठांवरून सोडायला जड जातायत.

२००१ मध्ये 'एसेन्स' अल्बमची गाणी तिनं नेहमीप्रमाणे वडिलांना दाखवली. त्यांनी एकाही शब्दाला हात लावला नाही. मग तिनं विचारलं, म्हणजे मी पास झाले का?

पुढचं भराभर सांगतो. २००९ मध्ये तिनं टॉम ओव्हरबीशी मिनियापोलिसच्या एका क्लबमध्ये, कार्यक्रम चालू असताना मंचावरच लग्न केलं. नोव्हेंबर २०२० मध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी झाली आणि डावं अंग लुळं पडलं. काठी घेऊन चालायला ती पुन्हा शिकली, पण डाव्या हाताची बोटं गिटारच्या तारांवर पूर्वीसारखी बसेनात. आता गिटार इतर वाजवतात, ती गाते. २०२३ मध्ये तिचं आत्मचरित्र आलं आणि नवा अल्बमही. त्यात साथीला रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा आवाज आहे.

आता थोडं मागे येऊ. मिलर यांना अल्झायमर झाला. एक दिवस त्यांनी मुलीला सांगितलं, मला आता कविता लिहिता येत नाही. ती ढसाढसा रडली. मग तिनं त्यांची 'कंपॅशन' ही जुनी छोटी कविता घेतली आणि तिला चाल लावायला बसली. हे सोपं नव्हतं. कवितेच्या ओळी गाण्याच्या मापाच्या नसतात, आणि या वेळी अडलं तर विचारायला ते असूनही नव्हते. २०१४ च्या तिच्या वीस गाण्यांच्या जोडअल्बमचं नाव याच कवितेतून आलंय आणि सुरुवातही याच गाण्यानं होते. १ जानेवारी २०१५ ला मिलर गेले. हँकची तीच तारीख.

श्रोतेहो, तेच गाणं आता ऐकू या. मागे वाद्यमेळ नाही, नुसती एक गिटार आहे. ती तिच्याच हातची.