गूजनेकचे गचके कुठून येतात?

मित्रांनो, गूजनेक ट्रेलर तुमच्यापैकी बहुतेकांनी अमेरिकन व्हिडिओतच पाहिला असेल. टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस या भागांत तो शेतकऱ्याच्या अंगणात उभा दिसतो. गवताचे गठ्ठे, गुरं, घोडे, ट्रॅक्टर, सगळं त्यावरून जातं. साधा ट्रेलर पिकअपच्या मागच्या बंपरखाली जोडतात. गूजनेकची वाकडी मान मात्र हौद्यावरून आत येते आणि हौद्याच्या तळाशी बसवलेल्या पोलादी गोळ्यावर टेकते. हा गोळा २ ५/१६ इंचाचा, म्हणजे सुमारे ५९ मिलिमीटरचा. तो मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा दोन-चार इंच पुढे असतो. त्यामुळे वजन गाडीच्या अंगावर नीट बसतं आणि ट्रेलरची शेपटी डावी-उजवीकडे हेलकावत नाही. स्थिरतेच्या बाबतीत हा ट्रेलर खरोखर उत्तम आहे.

तरीही तो ओढणारे लोक तासाभरात कमरेला हात लावतात. काँक्रीटच्या रस्त्यावर गाडी पुढे-मागे हिसके खाते आणि मधूनच मागून उसळते. लोक दोन्हींना एकच त्रास समजतात आणि थेट महागडा स्प्रिंगवाला कपलर, म्हणजे मानेच्या टोकाला गोळ्यावर बसणारा जोड, विकत घेतात. माझा आग्रह असा की आधी हिसका कुठे जन्मतो ते समजून घ्या.

ट्रेलरची चाकं एखाद्या उंचवट्यावर चढली की ट्रेलर थोडा कलतो. तो साधारण स्वतःच्या ॲक्सलभोवती फिरतो, असं धरू. गोळा या ॲक्सलच्या रेषेपेक्षा बराच वर आहे. समजा ६० सेंटिमीटर वर आहे आणि ट्रेलर फक्त अर्धा अंश कलला. अर्धा अंश म्हणजे ०.००८७ रेडियन. त्याला ६०० मिलिमीटरने गुणलं की सव्वापाच मिलिमीटर मिळतात. म्हणजे कलणं खाली-वर असलं, तरी मानेचं टोक पाच मिलिमीटर पुढे किंवा मागे जायला बघतं. मध्ये रबर नाही, स्प्रिंग नाही. पोलादाला पोलाद भिडलेलं आहे. मग कोणीतरी हलायलाच हवं, आणि सात टनी ट्रेलरसमोर तीन-साडेतीन टनी पिकअपच जास्त हलते. चालकाला बसणारा हिसका तो हाच. हे गणित कागदावर स्वतः करून पाहा. उंची दुप्पट केली की हिसकाही दुप्पट होतो, हे चटकन दिसेल.

आता रस्ता. काँक्रीटचे स्लॅब ठरावीक अंतरावर जोडलेले असतात. हल्ली हे अंतर १५ फुटांच्या आसपास असतं, पण जुन्या रस्त्यांवर काही ठिकाणी ४० फूट आणि त्याहूनही जास्त आहे. ४० फूट म्हणजे १२ मीटर. ताशी १०५ किलोमीटर वेगाने तुम्ही सेकंदाला २९ मीटर जाता, म्हणजे सेकंदाला सुमारे २.४ ठोके. लांब ट्रेलर आणि पिकअप यांची जोडी स्वतःहून ज्या गतीने खाली-वर डुलते, तीही याच पट्ट्यात येऊ शकते. दोन्ही जुळले की प्रत्येक जोडावर उसळी वाढत जाते. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: वेग ताशी दहा-पंधरा किलोमीटरने कमी करा. ठोके दोनवर येतात आणि जुळणी मोडते. घाईत असलेल्या माणसाला हे पटत नाही, तरी मी ते सांगत राहणार, कारण कुठल्याही सुट्या भागापेक्षा हे जास्त वेळा उपयोगी पडतं.

दुसरी गोष्ट सैलपणाची. गोळा झिजतो, कपलरची वाटीही झिजते. दोन-तीन मिलिमीटरची फट राहिली की ट्रेलर आधी मोकळा सरकतो, वेग घेतो आणि मग आदळतो. ‘खट्’ असा आवाज येतो तो याचाच. उसाच्या ट्रॉलीची पिन मोठ्या भोकात खुळखुळताना ज्यांनी ऐकली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. ट्रेलरच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलमध्ये, म्हणजे पाटी टांगणाऱ्या दुव्यात, आणि दोन ॲक्सलमध्ये भार वाटणाऱ्या इक्वलायझरमध्ये बुश, म्हणजे झीज झेलणाऱ्या छोट्या नळ्या, असतात. बऱ्याच ट्रेलरमध्ये ते स्वस्त प्लॅस्टिकचे येतात आणि लवकर संपतात. पितळी बुश आणि ग्रीस घालता येणारे बोल्ट बसवणं हा माझ्या मते सगळ्यात चांगला खर्च.

ब्रेकबद्दल लोक बोलतच नाहीत. या ट्रेलरला बहुधा इलेक्ट्रिक ब्रेक असतात आणि त्यांचा जोर चालकाजवळच्या कंट्रोलरवर ठरतो. जोर कमी ठेवला तर पिकअप आधी थांबते आणि ट्रेलर मागून ढकलतो. मोकळ्या, सपाट जागेत ताशी ४० किलोमीटरने जा, गाडीच्या पेडलला पाय न लावता फक्त कंट्रोलरचा हाताचा लिव्हर पूर्ण दाबा. ट्रेलर गाडीला ठामपणे थांबवायला लागला पाहिजे, पण चाकं लॉक होता कामा नयेत. माल बदलला की ही चाचणी पुन्हा करावी.

वजनाचं थोडक्यात सांगतो. गूजनेकमध्ये भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के भार गोळ्यावर हवा. माल मागे सरकला तर मान हलकी होते आणि उसळते. मात्र पिकअपच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली मर्यादा ओलांडू नका. ट्रेलर जमिनीला समांतर उभा आहे ना, तेही पाहा.

रिकामा ट्रेलर जास्त का आदळतो, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. त्याच्या पाट्या सात टनांसाठी घडवलेल्या असतात. दोन टनांखाली त्या वाकतच नाहीत, आणि बहुतेक ट्रेलरना शॉक ॲब्सॉर्बरही नसतात. त्यामुळे धक्क्याची ऊर्जा शोषणारं काहीच उरत नाही. टायर मात्र पूर्ण हवेचे, दगडासारखे. रिकाम्या फेरीसाठी हवा कमी करायची असेल तर टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यानुसारच करा आणि माल भरण्यापूर्वी पुन्हा भरा. कमी हवेचा टायर भरल्या ट्रेलरखाली तापतो आणि फुटतो. गचका परवडला, फुटलेला टायर नाही. ट्रेलरला शॉक ॲब्सॉर्बर बसवले, किंवा नवा घेताना रबर टॉर्शन ॲक्सलचा (पाट्यांऐवजी रबरावर धक्के झेलणारा) घेतला, तर खूप फरक पडतो.

एवढं करूनही त्रास राहिला तर कुशन कपलर, म्हणजे धक्का झेलणारा मऊ कपलर घ्या, एअरबॅगचा (हवेच्या पिशवीचा) किंवा रबराचा. ही कल्पना मुळीच नवी नाही. विमानांचा प्रवर्तक ग्लेन कर्टिस याने १९२० च्या दशकाच्या अखेरीस एरोकार नावाचा प्रवासी ट्रेलर बनवला. ओढणाऱ्या मोटारीच्या मागच्या भागात त्याने हवा भरलेलं एक चाक आडवं बसवलं आणि ट्रेलरची पिन त्याच्या मधोमध घातली. धक्का टायरच्या हवेत जिरायचा. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं, कारण त्याने जोडणीतच मऊपणा आणला.

आजच्या कपलरमध्ये तोच विचार आहे. पण झिजलेल्या वाटीवर आणि संपलेल्या बुशवर तो बसवला तर पैसे वाया जातात. काही कपलर गोळ्याची जागा पुढे-मागे करतात आणि मानेवर वेगळा ताण आणतात. त्यामुळे ट्रेलर बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय ते लावू नयेत, आणि सुरक्षा साखळ्या तर कधीच काढू नयेत. ज्यांच्या ट्रेलरमध्ये घोडे उभे असतात त्यांनी हा खर्च टाळू नये. घोडा वाटभर पायांवर तोल सांभाळत उभा असतो, आणि पुढचा जोड कधी येणार हे त्याला दिसत नाही.