कोपराला कोपर

(दृश्य: पहाटेचं धुकं, पांढऱ्या कापडी तंबूंची रांग, लांबून ड्रमचा आवाज)

हा ड्रम ऐकताय ना, याला रेव्हेली म्हणतात, सैन्याला उठवायचा ड्रम. घड्याळ आणि फोन काल संध्याकाळीच पिशवीच्या तळाशी गेले, त्यामुळे उठायची वेळ झाली हे आता यावरूनच कळतं.

जागा आहे अमेरिकेतलं न्यू जर्सी राज्य, मॉनमथचं मैदान. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, २८ जून १७७८ ला, इथे जॉर्ज वॉशिंग्टनचं सैन्य आणि ब्रिटिश सैन्य दिवसभर लढलं, आणि ऊन इतकं होतं की गोळी न लागता नुसत्या उष्माघाताने दोन्हीकडची माणसं गेली. आज ते स्टेट पार्क आहे. जून आला की ती लढाई पुन्हा उभी करायला इथे हौशी माणसं जमतात, रीएनॅक्टमेंट म्हणतात याला, अंगात लोकरीचे कोट, खांद्यावर चकमकीच्या बंदुका, आणि ऊन तेच.

त्यातली एक मी.

(दृश्य: एक बाई कोटाची बटणं लावतेय, चेहरा दिसत नाही)

यात शिरायचं कसं असं मला खूप जण विचारतात आणि जवळजवळ सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो की बंदूक कुठे मिळते. माझाही तोच होता. तर आधी हे सांगते की काहीही विकत घेऊ नका, खरंच नका घेऊ. एखाद्या कार्यक्रमाला प्रेक्षक म्हणून जा, तंबूंपाशी थांबा, लोकांशी बोला, लोक भरभरून बोलतात. प्रत्येक गट एक ठरावीक रेजिमेंट धरून चाललेला असतो, कुणी ब्रिटिश, कुणी कॉन्टिनेंटल म्हणजे वॉशिंग्टनच्या बाजूचे, कुणी गावची मिलिशिया म्हणजे गावकऱ्यांचीच फौज, आणि कोट, टोपी, बटणं सगळं त्या रेजिमेंटवरून ठरतं. वॉशिंग्टनने ऑक्टोबर १७७९ मध्ये हुकूम काढला की कोट निळे, पण कॉलर-बाह्यांची पट्टी राज्यांप्रमाणे, म्हणजे न्यू इंग्लंडवाल्यांना पांढरी, न्यूयॉर्क-न्यू जर्सीला बफ म्हणजे फिकट पिवळसर, पेनसिल्व्हेनिया ते व्हर्जिनिया लाल, त्याच्या खालच्या राज्यांना निळी. म्हणजे तुम्ही घाईघाईत एक सुंदर कोट शिवून घेतलात आणि नंतर ज्या गटात गेलात तिथली पट्टी वेगळीच निघाली, की तो कोट कपाटात. शिवाय १७७६ चा शिपाई दाखवायचा असेल तर कोटच नको, लिननचा हंटिंग शर्ट पुरतो, त्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनने स्वतः त्याची शिफारस केली होती.

म्हणून बहुतेक गटांकडे नव्या माणसासाठी उसनं सामान असतं. पहिला सीझन त्यावर काढायचा. पूर्ण सामान स्वतःचं करायचं तर बंदुकीसकट दोन हजार डॉलरच्या वर सहज जातं, ते हळूहळू करायचं, आणि क्रम विचाराल तर आधी बूट. त्या काळी शिपायाच्या बुटांत डावा-उजवा फरक नसायचा, दोन्ही सरळ एकाच साच्यातले, आणि तसेच बूट आपण घालतो, त्यामुळे पायाला ते लागू होईपर्यंत फोड येतात. दुसऱ्याचे उसने बूट घालून दिवसभर चालण्यासारखा त्रास नाही. बंदूक सगळ्यात शेवटी.

कपडा खरा लोकर किंवा लिननचाच लागतो, हा हट्ट नुसता दिसण्यासाठी नाही. बंदुकीच्या ठिणग्या उडतात, लोकर धुमसते आणि विझते, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. आमच्या गटात बाहेरून दिसणारी प्रत्येक शिवण हातची लागते, आतली मशीनची चालते, काही गट तेही चालू देत नाहीत. मला ते बरोबर वाटतं. हाताने काजं केल्याशिवाय एका कोटात किती तास जातात हे कळत नाही, आणि मग फाटक्या कोटात हिवाळा काढणाऱ्या त्या शिपायाची गोष्ट वाचताना आपण जरा थांबतो.

(दृश्य: मोकळं मैदान, दोन रांगा, ड्रमच्या ठोक्यावर चाल)

आता खरी गोष्ट, ड्रिल.

फेब्रुवारी १७७८ मध्ये बॅरन फॉन श्टॉयबेन नावाचा प्रशियन माणूस वॉशिंग्टनच्या सैन्याच्या व्हॅली फोर्जच्या छावणीत आला. सैन्याचे हाल चालले होते, त्या हिवाळ्यात आणि वसंतात जवळपास दोन हजार माणसं गेली, बहुतेक सगळी आजाराने. त्याला इंग्लिश धड येत नव्हतं, तो फ्रेंचमध्ये सूचना लिहायचा, दुसरे त्याचं भाषांतर करायचे आणि हाताने नकला काढून त्या पलटणींमध्ये जायच्या. त्याने एक नमुना तुकडी घेतली, स्वतः हातात मस्केट, म्हणजे तीच लांब नळीची चकमकीची बंदूक, धरून शिकवलं, मग त्या लोकांनी पुढच्यांना शिकवलं. चारेक महिन्यांत तेच सैन्य मॉनमथला ब्रिटिशांसमोर उभं राहिलं आणि टिकलं. १७७९ मध्ये त्याचे नियम छापले गेले, आणि आम्ही आजही त्यावरूनच शिकतो. साधं पाऊल दोन फुटांचं, मिनिटाला साधारण ७५. जलद चाल असेल तर १२०.

हे ऐकायला सोपं वाटतं पण वीस माणसांनी दोन फुटांचंच पाऊल टाकणं सोपं नाही हो, उंच माणसाला ते छोटं, बुटक्याला मोठं, आणि सगळ्यांची कोपरं एकमेकांना लागलेली राहायला हवीत. कोपराला कोपर लागलं की रांग आहे, सुटलं की रांग नाही. माझ्या पहिल्या ड्रिलला सार्जंटने बंदूक दिलीच नाही, फक्त चालवलं, दोन तास, वळा, थांबा, परत चला. मी मनातून खट्टू झाले होते. बंदूक का दिली नाही ते तिसऱ्या ड्रिलला कळलं.

मी मागच्या रांगेत होते. मागच्या रांगेने गोळीबाराच्या वेळी पुढच्याला अगदी चिकटून उभं राहायचं असतं, म्हणजे आपली नळी त्याच्या खांद्यावरून पुढे, त्याच्या चेहऱ्याच्या बऱ्याच पुढे निघते. मी अर्धं पाऊल मागे राहिले, नळीचं तोंड बरोबर त्याच्या कानाशी. दारू भरलेली नव्हती, सराव होता, तरी सार्जंटने अख्खी लाइन थांबवली. ओरडला नाही. मला पुढे बोलावलं, त्या माणसाच्या जागी उभं केलं आणि माझ्या मागे दुसऱ्याला उभं करून म्हणाला, आता नळी कुठे आहे बघ. कानाशेजारी थंड लोखंड होतं. ती जाणीव अजून माझ्या मानेत आहे, लाइनमध्ये उभी राहिले की पाऊल आपोआप पुढे पडतं.

(दृश्य: काडतूस, दात, हात, जवळून)

आता बंदूक. ब्रिटिशांचं लँड पॅटर्न मस्केट, सगळे ब्राउन बेस म्हणतात ते, किंवा फ्रेंच शार्लव्हिल. वजन साडेचार किलोच्या आसपास. आज वापरतात त्या नकलांपैकी बऱ्याच भारतात बनतात, हे कळलं तेव्हा मला फार भारी वाटलं. त्या येतात कानाशिवाय, म्हणजे आग आत जायचं भोकच पाडलेलं नसतं, ते इथे जाणकार माणसाकडून पाडून, तपासून घ्यायचं. स्वतः ड्रिल मशीन घेऊन बसू नका, प्लीज.

भरायचं कसं तर घोडा, म्हणजे चकमक धरणारा खटका, अर्ध्यावर ओढायचा, कागदी काडतूस दातांनी फोडायचं, थोडी दारू रंजक म्हणून, म्हणजे ठिणगीने आधी पेटायला, कानाशेजारच्या पेल्यात, पेल्याचं झाकण बंद, उरलेली नळीत. खऱ्या शिपायाच्या काडतुसात दारूबरोबर शिशाची गोळी असायची, आमच्यात गोळी नाहीच. गोळीबाराच्या लाइनमध्ये गज, म्हणजे नळीत दारू ठासायची सळई, तोही बाहेर काढायचा नाही, घाईत तो नळीत राहिला तर भाल्यासारखा सुटेल. कागद जमिनीवर टाकायचा. मग पुढची आज्ञा, ब्रिटिशांकडे 'प्रेझेंट' म्हणतात, श्टॉयबेनकडे 'टेक एम', पण दोन्हीकडे नळी समोरच्यांच्या डोक्याच्या बरीच वर. सराव झालेला शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. आपला उडाला नाही तर नळी वर धरून थांबायचं, लाज वाटून खटपट करायची नाही, चकमकीच्या बंदुकीत असं होतंच.

प्रत्येक कार्यक्रमाआधी तपासणी असते. गज नळीत टाकला की तळाशी लोखंडावर लोखंड असा टणत्कार यायला हवा, बद्द आवाज आला म्हणजे आत काहीतरी आहे. घोडा अर्ध्यावर ठेवून चाप ओढून बघतात, घोडा पडला तर ती बंदूक त्या दिवशी बाहेर. कितीही जुना मेंबर असो. मला या हॉबीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते, की इथे विश्वास वयाने किंवा कोटाने मिळत नाही, तो दर वेळी नव्याने तपासला जातो आणि कुणी वाईट वाटून घेत नाही.

(दृश्य: छावणी, शेकोटी, कपडे वाळत घातलेले)

बाई रांगेत चालते का? बऱ्याच गटांत चालते, अट एवढीच की लांबून पुरुष शिपाई दिसायला हवा, केस मागे बांधलेले, दागिने नाहीत, मेकअप नाही. डेबोरा सॅम्पसन १७८२ मध्ये रॉबर्ट शर्टलिफ नावाने मॅसॅच्युसेट्सच्या रेजिमेंटमध्ये भरती झाली होती आणि वर्षभराहून जास्त काळ शिपाई म्हणून राहिली. आणि शिपाई नाही व्हायचं तर धुणं धुणाऱ्या, जखमींची सेवा करणाऱ्या बायका प्रत्येक सैन्याबरोबर होत्या, ती माणसं उभी करायला उलट जास्त अभ्यास लागतो. तसंच फर्स्ट ऱ्होड आयलंड रेजिमेंट, १७७८ मध्ये तिथल्या गुलाम माणसांना भरती झाल्यास स्वातंत्र्य मिळेल असा कायदा झाला आणि ते त्यात आले. त्या शिपायांच्या भूमिका करणारे लोक शेकोटीपाशी बोलायला लागले की मी बाकी सगळं सोडून ऐकत बसते.

एक गोष्ट नव्यांना माहीत नसते. नॅशनल पार्क सर्व्हिस, म्हणजे ऐतिहासिक जागा सांभाळणारं अमेरिकेचं सरकारी खातं, त्याच्या जागांवर अशी समोरासमोरची लुटुपुटूची लढाई करता येत नाही, तिथे ड्रिल आणि गोळीबाराचं प्रात्यक्षिक फक्त. खरी माणसं जिथे मेली तिथे मरायचं नाटक नको, असा विचार त्यामागे आहे. मला तो पटतो, आणि मॉनमथसारख्या ठिकाणी लढाई करताना तो डोक्यात असतो.

(दृश्य: धूर, दोन रांगा समोरासमोर)

लढाई अर्धा-पाऊण तास. प्रेक्षकांना दिसतं ते एवढंच. आतून दिसतं ते त्याहून कमी, पहिल्या बारानंतर सगळा धूर, समोर कोण आहे कळत नाही, ड्रम ऐकू येतो, डावीकडचं कोपर लागतं, उजवीकडचं लागतं. जोसेफ प्लम्ब मार्टिन म्हणून कनेक्टिकटचा मुलगा १५ व्या वर्षी भरती झाला होता, मॉनमथलाही होता, म्हातारपणी त्याने आठवणी लिहिल्या. त्या मी शाळेतल्या इतिहासासारख्या वाचल्या होत्या. धुरात उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा त्याचं वय जाणवलं.

नंतर मैदानावर दोन्ही बाजूंचे लोक वाकून काडतुसांचे कागद वेचतात. लाल कोटवाले, निळे कोटवाले, एकाच पोत्यात.

(दृश्य: संध्याकाळ, किटलीतून वाफ)

प्रेक्षक गेले की बंदूक धुवायची, त्याच दिवशी, कितीही दमलात तरी. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि रात्रीतून गंज धरतो. कानात छोटी खुंटी घालायची, नळीत गरम पाणी, हलवायचं, ओतायचं. माझ्या पुढे उभा असतो तो माणूस, ज्याच्या कानाशी माझी नळी आली होती तो, किटली घेऊन येतो, आधी माझ्या नळीत ओततो मग स्वतःच्या. पहिलं पाणी शाईसारखं काळं निघतं, दुसरं राखाडी. तिसरं स्वच्छ निघालं की कापड, मग तेल.