मासुंद्याच्या काठचे जुने ठाणे

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडील बाजारातून थोडे चालत गेले की समोर मासुंदा तलाव येतो. ठाणेकर त्याला नुसते ‘तलावपाळी’ म्हणतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी याच गावी आली, म्हणून ठाण्याची ओळख बहुधा तिथपासून करून दिली जाते. तो मान मोठाच आहे, परंतु तेवढ्यावर थांबले तर शिलाहार राजांच्या काळातले ‘श्रीस्थानक’, म्हणजे जुने ठाणे, हिशेबातून सुटते.

तलावालगतच्या कौपिनेश्वर मंदिराचा १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी जीर्णोद्धार केला. पाहुण्याने येथे पहाटे यावे, गाभाऱ्यातील भव्य शिवलिंगाचे दर्शन घ्यावे आणि मग बाहेर जांभळी नाक्यावर भाजीचे भाव ऐकत उभे राहावे, कारण हे जुने गाव डोळ्यांइतकेच कानांनीही पाहायचे आहे.

टेंभी नाक्याजवळ १८७९ मध्ये उभारलेले ज्यू बांधवांचे प्रार्थनास्थळ ‘शार हाशामायिम’, म्हणजे ‘स्वर्गाचे द्वार’, पाहताना हे विशेष जाणवते. ते बांधणारे बेने इस्रायली ज्यू कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील गावांतून आले. तेथे ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर अशी आडनावे त्यांनी गावांवरून घेतली. प्रार्थना हिब्रूत राहिली, पण घरातली भाषा मराठीच झाली. पुढे त्यांच्यापैकी अनेकजण इस्रायलला गेले, तरी येथील प्रार्थना थांबलेली नाही. आत जायचे असल्यास आधी परवानगी मागावी.

याच भागातून पुढे गेले की मध्यवर्ती कारागृहाची तटबंदी लागते. हा मूळचा ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास त्याचे बांधकाम सुरू केले, १७३७ मध्ये मराठ्यांनी तो जिंकला आणि १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. आत जाता येत नाही. पाहुण्याने बाहेरूनच त्र्यंबकजी डेंगळे यांची हकिकत आठवावी. पेशव्यांचे हे कारभारी येथे कैदेत असताना एक मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करीत गाणी म्हणत असे आणि सुटकेचा बेत त्या गाण्यांतूनच त्यांच्यापर्यंत पोहोचवीत असे, असे सांगतात. पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायांना मराठी कळत नव्हते. सप्टेंबर १८१६ मध्ये डेंगळे या तटातून निसटले.